किडीसाठी ठेवलेली फांदी

माझ्या गच्चीवर बियरची वेल होती. असं म्हणलं की माणसं आधी माझ्याकडं संशयानं बघतात, म्हणून लगेच सांगून टाकतो, मी दारूला शिवत नाही. सगळी हयात फौंड्रीत गेली. भट्टीसमोर उभं राहून घशाला कोरड पडायची, बरोबरीची माणसं सुटी झाल्यावर घसा ओला करायला जायची, आणि मी आपला सायकल मारत सरळ उचगावला घरी. तरी बियरची वेल यायची ती माझ्याच गच्चीवर आली. आता काय बोलणार!

वेल लेकीची. एकुलती एक लेक. दही, पाव, बियर या गोष्टी कशा आंबतात, कशानं बिघडतात, त्याचंच तिनं शिक्षण घेतलं. जर्मनीत नोकरी लागायच्या आधी ती काही महिने घरी होती. तेवढ्यात तिनं उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड डोंगरातनं कुरियरनं मुळ्या मागवल्या. हॉप्स म्हणतात या वेलीला. पानं द्राक्षासारखी, खरखरीत, आणि वेल मोठी झाली की हिरव्या कागदी पाकळ्यांची बोंडं धरतात. बियरला कडू चव आणि वास येतो तो या बोंडांनी. पत्र्याचा ड्रम मधनं कापून तिनं त्यात माती भरली, पाण्याच्या टाकीच्या स्टँडपासून कठड्यापर्यंत सुतळ्या ताणल्या आणि मुळ्या पुरल्या.

"कोल्हापुरात हे येतंय व्हय?" मी म्हणलं.

"न आलं तर न आलं. बघू की, पप्पा."

वेल आली. पहिल्या वर्षी नुसती हातभर वाढली आणि थंडीत वाळून गेली. तेवढ्यात लेकीची विमानात बसायची वेळ आली. जाताना बॅगा भरता भरता म्हणाली, "मुळं जिवंत हायत, पुन्हा फुटेल. पुढच्या पावसाळ्यात बोंडं धरतील, तवा मी रजा काढून येते. तोवर सांभाळा." मी म्हणलं, सांभाळतो. एवढं साधं बोलणं झालं आमचं. पण मी ते मनात पक्कं धरून बसलो. वेल जगली तर पोरगी येणार.

तिची आई त्याच्या आधीच गेलेली. मग घरात मी एकटा. एकटं राहणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकाचं मला काही वाटलं नाही, पिठलं-भात येतो, भाकरी थापायला शिकलो. पण अर्ध्या लिटरचं दूध आणलं तरी नासतं, याचा मला भयंकर राग यायचा. दिवसभर तोंडातनं शब्द निघायचा नाही. फौंड्रीतल्या माणसाचा आवाज मुळातच मोठा, यंत्रांच्या आवाजावर ओरडायची सवय. आणि तो आवाज घेऊन मी भिंतींकडं बघत बसायचो. कधी कधी मुद्दाम दारात येऊन भाजीवाल्याशी भांडायचो. भाजी नको असायची, तरी.

लेकीचा फोन रविवारी दुपारी. खरं सांगतो, शुक्रवारपासून मी वाट बघायचो, आणि फोन आला की बोलायला काहीच नसायचं.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी घेतली?"

"घेतली. तुझं काय?"

"मस्त चाललंय. थंडी हाय. बरं, ठेवते मग."

झालं. त्यापेक्षा गॅसवाला जास्त बोलतो माझ्याशी. तिचं तोंड स्क्रीनवरनं गेलं की मी फोन हातात धरून तसाच बसायचो. चुकलं कुणाचंच नव्हतं. तिची आई होती तेव्हा बोलायचं खातं तिच्याकडं होतं. मी शेजारी बसून हुंकार द्यायचो. आता ती नाही, आणि आम्हा बापलेकीला एकमेकांशी बोलायचं कसं ते येईना.

थंडी सरता सरता ड्रममधनं कोंब वर आले. लालसर, जाडजूड. मग काय विचारता, बघता बघता सुतळीला वेटोळं घालत वर निघाले. सकाळी चहा घेऊन मी गच्चीवर जायचो आणि रात्रीत किती वर गेली ते बघायचो. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या गच्चीतनं विचारलं, "कसली ओ वेल, भावजी?" मी म्हणलं, औषधी हाय. त्यावर त्या म्हणाल्या, "मग मला बी द्या की पाला, गुडघ्याला लावते." आता यांना काय सांगू!

आणि एका सकाळी पानं चिकट लागली. उलटं करून बघितलं तर खाली हिरवट बारीक किडे, दाटीवाटीनं बसलेले. सुतळीवरनं काळ्या मुंग्यांची वर-खाली रांग. रविवारची वाट न बघता मी लेकीला फोन लावला. तिकडं सकाळ व्हायची होती.

"पप्पा? काय झालं? बरं हाय ना?"

"माझं सोड! वेलीवर कीड पडलीया!"

ती झोपेतनं खडबडून उठली. "कॅमेरा धरा. जवळ. पान उलटं करा. हलू नका ओ, पप्पा! हां... मावा हाय. मुंग्या त्याचा गोड रस खायला येतात." मग म्हणाली, कोवळ्या शेंड्यांवर पाण्याची धार मारा, आणि लसूण-मिरची वाटून, पाण्यात घालून, गाळून फवारा. मी म्हणलं, बघतो. मुंग्यांचं औषध मात्र मला ठाऊक होतं. चिंध्यांना ग्रीस फासलं आणि प्रत्येक सुतळीच्या बुडाला बांधलं. मुंग्या ग्रीसपाशी येऊन थबकल्या आणि माघारी वळल्या. कामगाराची अक्कल आहे, म्हणलं.

पुढं अक्कल संपली. लसूण सोलायचा मला मनस्वी कंटाळा. आणि मनात आलं, लसूण-मिरचीच पाहिजे ना? मग डब्यात ठेचून-भाजून भरलेली तयार आहे की! आमच्याकडं वर्षाची कांदा-लसूण चटणी असते, लालभडक, त्याशिवाय आमच्या घरात आमटी होत नाही. बायको गेल्यापासून वहिनी त्यांच्याबरोबर माझीही करून देतात. मी दोन मुठी चटणी बादलीत कालवली, जुन्या धोतराच्या फडक्यातनं गाळली आणि इस्त्रीला पाणी मारायच्या बाटलीनं भर उन्हात सगळी वेल लालेलाल करून टाकली. बाटलीची तोटी तुंबायची, मी ती दाबून फुंकायचो, की चटणी माझ्याच डोळ्यात. शिंका अशा सुरू झाल्या की थांबेनात. वारं सुटलेलं, ते वहिनींच्या दोरीवर. त्यांच्या पांढऱ्या चादरीवर तांबडे ठिपके.

"काय चाललंय ओ भावजी!" वहिनी ओरडत आल्या. वास घेतला, वेलीकडं बघितलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं. "वेलीला फोडणी घातलीया व्हय?"

दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. रविवारी मी मान खाली घालून लेकीला दाखवलं. म्हणलं, तू सांगितलंस तेच केलं. तिनं विचारलं, किती लसूण घेतला? मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, आता ही ओरडणार. तर ती हसायलाच लागली. अशी हसली, अशी हसली, की खुर्चीवरनं घसरली, फोन हातातनं पडला, मला नुसतं तिकडचं छत दिसत होतं आणि हसणं ऐकू येत होतं. "पप्पा, चटणीत मीठ असतंय! तेल असतंय! पांढरा रस्सा पण घालायचा हुता की!" मीही हसलो. किती दिवसांनी हसलो, आठवत नाही. मग ती बोलतच राहिली. मीठ पानाचं काय करतं ते सांगितलं, तिच्या ऑफिसातल्यांना ही चटणी एकदा खायला घातली तेव्हा काय झालं ते सांगितलं, आईनं एकदा खिरीत चुकून मीठ घातलं होतं ते आठवून सांगितलं. माझा चहा गार झाला, ऊन उतरलं, तरी आम्ही बोलत होतो.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी खाली आलो आणि स्वतःशीच शीळ घालत भांडी घासली.

त्यानंतरचा महिनाभर मजेत गेला. आता रविवारचीही गरज उरली नाही. मधल्या वारी ती "पानं दाखवा" म्हणून फोन करायची. साध्या पाण्यानं वेल धुतली, जळलेली पानं काढली, भांड्याच्या साबणाच्या पाण्यात थोडं कडुनिंबाचं तेल घालून संध्याकाळी फवारलं. फवारायचं ते पानाच्या पोटाकडनं, पाठीकडनं मारून उपयोग नाही, हे मी तिच्याकडनं शिकलो. एकदा पिठ्या ढेकूण आला, पांढरा, कापसासारखा. तो कापडाच्या बोळ्यानं एकेक टिपून काढला. एकदा लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे दिसले, मी चप्पल काढलीच होती, तेवढ्यात ती फोनमधनं किंचाळली, "मारू नका! ते ढालकिडे, मावा खातात, ती आपली माणसं हायत!" आयुष्यभर ओतलेल्या लोखंडावरची बारीक भोकं बघून खराब माल बाजूला काढला मी. माझी नजर या कामात बसली. ती म्हणायची, पप्पा, तुम्ही आमच्या लॅबमध्ये या. लेकीनं असं म्हणलं की बापाला काय वाटतं, ते ज्याला लेक आहे त्यालाच कळेल.

आणि वेल स्वच्छ झाली. पोपटी पानं, एक किडा नाही. मी अभिमानानं रविवारी कॅमेरा फिरवला.

"वा! एकदम भारी, पप्पा. आता काळजीच न्हाय."

"न्हाय."

"जेवलात?"

"जेवलो."

"बरं, ठेवते मग."

फोन बंद. मी त्या हिरव्यागार वेलीसमोर उभा. असा राग आला मला तिचा, त्या वेलीचा, की उपटून टाकावी वाटली. किडलेली होती तेव्हा माझ्या घरात माणसाचा आवाज होता. चांगली झाली आणि घर पुन्हा गप्प झालं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याला तर "पप्पा, आज जरा गडबड हाय" एवढंच. मला काय करावं सुचेना. देवळाच्या पारावर जाऊन बसलो तर तिथं सगळे नातवंडांचं बोलत होते. उठून आलो.

मग कठड्याकडच्या एका फांदीवर मला पुन्हा मावा दिसला. थोडाच होता. बोटानं पुसला असता तर गेला असता. मी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं.

त्या संध्याकाळी मी सगळ्या वेलीवर फवारलं, ती फांदी सोडून. तिच्या सुतळीची ग्रीसची चिंधीसुद्धा काढली. येऊ देत मुंग्या. रविवारी तोंड पाडून सांगितलं, "अगं, पुन्हा आलाय बघ." ती लगेच खुर्ची ओढून बसली. "दाखवा, दाखवा. कुठल्या फांदीला? कधीपासनं?" तासभर बोललो आम्ही. माव्यावरनं तिच्या भाड्याच्या खोलीवर आलो, खोलीवरनं तिच्या मैत्रिणीच्या लग्नावर. मी त्या फांदीला मनातल्या मनात हात जोडले.

असं चाललं. दर रविवारी मी ती फांदी दाखवायचो, लेक काहीतरी सांगायची, हे करून बघा, ते करून बघा, पुढच्या रविवारी परत बघू. मी हो म्हणायचो आणि काही करायचो नाही. शेतीऔषधांच्या दुकानात कडुनिंबाचं तेल आणायला गेलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, कशावर मारताय? मी बोलून गेलो, एका फांदीवरचा मावा हटत न्हाय. तो म्हणाला, "एकाच फांदीला हाय? मग छाटून टाका की, पावणं! त्याला औषध कशाला पाहिजे?" मी त्याच्यावर असा खेकसलो की गिऱ्हाईकं बघायला लागली. "तुला विचारलंय का मी? तेल दे!" बिचाऱ्यानं तेलाची बाटली काढून दिली. वाटेत मात्र एक गोष्ट माझ्या मनात घोळत राहिली. लेकीला एवढं सगळं कळतं, मग फांदी छाटा असं ती का म्हणत नाही? पण मी ते फार ताणलं नाही. म्हणत नव्हती, हेच बरं होतं.

मग उन्हाळा तापला. यंदा ऊन असं की गच्चीवर पाय ठेववेना. लेक म्हणाली होती, कोरड्या हवेत लाल कोळी नावाची बारीक कीड येते, रोज पानाच्या पोटाला पाणी मारत जा. मी मारत होतो, ती फांदी सोडून. तिच्या पानांवर पिवळे ठिपके दिसायला लागले. मी म्हणलं, उन्हाचे असतील. धूळ बसल्यासारखी पानं फिकी झाली. मी म्हणलं, धूळच असेल. खरं तर माझ्या मनानं तेव्हाच सांगितलं होतं, पण ऐकायचं नव्हतं. एका सकाळी चहा घेऊन वर गेलो तर त्या फांदीच्या शेंड्यापासून शेजारच्या सुतळीपर्यंत बारीक जाळं विणलेलं, आणि त्यात तांबडे कण चालताहेत. डोळे ताणून बघितलं. जाळं तिथंच थांबलं नव्हतं. सगळ्या वेलीवर पसरलं होतं.

मी वेड्यासारखं पाणी मारलं. तेल मारलं, साबण मारला, पुन्हा पाणी मारलं. वहिनींनी त्यांचा नळाचा पाइप दिला, त्या स्वतः चढून आल्या, दोघं मिळून पानं धुवायला लागलो. हात लावला की पान गळून हातात येत होतं. आठवडाभरात वेल तांबूस, करपलेली झाली. त्यात अजून पावसाळा पुढंच होता. बोंड एक नाही.

रविवारी मी कॅमेरा करपलेल्या पानांवर धरला. लेकीनं बघितलं.

"कापा, पप्पा. जमिनीपासनं. सगळं जाळून टाका. मुळं राहिली असतील तर राहतील."

"आणि यंदाची बोंडं?"

"यंदा न्हाय आता."

मी कापली. खुरप्यानं बुडापासून. कठड्याशेजारी ढीग करून पेटवला. ओला पाला, धूर सगळ्या गल्लीत. वहिनी खालून नुसत्या बघून गेल्या. रिकाम्या सुतळ्या वाऱ्यावर हलत होत्या. गेलं, म्हणलं. पोरगी यायचं कारण माझ्या हातानं जाळलं मी.

पुढच्या रविवारी मी फोनची वाट बघितली नाही. बघितली, पण नाही बघत असं दाखवत बसलो. कुणाला दाखवत होतो, देव जाणे! ठरल्या वेळी वाजला.

"जेवलात?"

"जेवलो."

पुढं काय बोलायचं? दाखवायला काही नव्हतं. आता ती "ठेवते" म्हणणार, हे मला दिसत होतं, आणि अचानक माझ्या तोंडातनं निघून गेलं, तेही फौंड्रीतल्या आवाजात.

"मला करमत न्हाय गं इथं!"

आयुष्यात कधी असं बोललो नव्हतो, तिच्या आईशीसुद्धा नाही. ती दचकली. मी घाईघाईनं सावरायला गेलो, म्हणलं, म्हणजे तसं काय न्हाय, ऊन लै हाय, म्हणून. तिनं मान हलवली.

"पप्पा, एक विचारू? रागवू नका. त्या कठड्याकडच्या फांदीवर तुम्ही औषध मारतच नव्हता ना?"

"कुणी सांगितलं तुला? वहिनींनी?"

"कुणी कशाला सांगाय पाहिजे? सगळी वेल धुतल्यासारखी, आणि एकाच फांदीला दर रविवारी मावा. सुतळीची चिंधी बी काढलेली. पहिल्या दिवशीच दिसलं मला."

"मग बोलली का न्हाईस?" मी चिडून म्हणलं. "वेल मेली की त्यापायी! तू येणार हुतीस! तुला तर कळत हुतं सगळं. छाटा म्हणली असतीस तर वाचली नसती?"

तिनं खुर्ची जरा मागं सरकवली. मागं तिची खोली दिसत होती, एक खुर्ची, एक खिडकी, खिडकीबाहेर दुसऱ्या कुणाची तरी भिंत. मग डोळे पुसत म्हणाली,

"बोलले असते तर तुम्ही औषध मारलं असतं की."

फोन मात्र कुणी ठेवला नाही.